मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

इंग्रजीत एक म्हण आहे : 'पेनी वाइज, पाउंड फूलिश'. आम्ही शाळेत शिकवतो उर्दू आणि मराठी, इंग्रजीचा तास आमचा नाही. पण म्हणींचा गठ्ठा घेऊन मुले येतात ती आमच्याकडेच, कारण 'सर, याला मराठीत काय म्हणायचे आणि उर्दूत काय?' हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. या म्हणीचा अर्थ त्यांनी गाईडमधून पाठ केलेला असतो : किरकोळ बाबतीत शहाणा, मोठ्या बाबतीत मूर्ख. अर्थ बरोबर आहे. मात्र पेनी म्हणजे काय आणि पाउंड म्हणजे किती, असे विचारले की सगळे गप्प. एका पोराने सांगितले, 'पाउंड म्हणजे बर्थडेचा केक मोजतात ते.' बाकीची पोरे हसली. हसण्याचे कारण नव्हते. तो पोरगा म्हणीच्या मुळाशी सगळ्यांत जवळ पोचला होता. कसे ते सांगतो.

आधी हिशेब. इंग्लंडमध्ये एका पाउंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगाच्या बारा पेन्या होत. म्हणजे पाउंडाच्या २४० पेन्या. हा हिशेब तिकडे थेट १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालला, मग शंभराचा पाउंड झाला. आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. आपण दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ लाच घेतली, इंग्रजांच्या चौदा वर्षे आधी. तेव्हा पेनी वाचवून पाउंड घालवणारा माणूस म्हणजे पैपैचा हिशेब ठेवून रुपया उधळणारा माणूस. दोनशे चाळीस वेळा शहाणपणा केला तेव्हा कुठे एक मूर्खपणा भरून निघतो, हे गणित या म्हणीत आहे. शंभर पेन्यांच्या पाउंडात ती धार थोडी बोथट झाली.

जुन्या इंग्रजी हिशेबात पेनी लिहिताना 'पी' लिहीत नसत, 'डी' हे अक्षर लिहीत. हा 'डी' रोमन लोकांच्या 'देनारियस' नाण्याचा. आणि देनारियसचाच अरबीत झाला दीनार. सूरह आले-इमरानमध्ये दीनारचा उल्लेख आहे तो हाच. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अ.) यांना ज्या मोजक्या दिरहमांना विकले, तो दिरहम ग्रीकांच्या 'द्राख्मा'पासून आलेला. त्याच द्राख्माचे संस्कृतात 'द्रम्म' झाले, द्रम्माचे 'दाम' आणि दामाची 'दमडी'. आपण बाजारात 'काय दाम?' विचारतो तेव्हा दिरहमच्या सख्ख्या भावाचे नाव घेत असतो. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या काळात अरबस्तानात रोमी दीनार आणि इराणी दिरहम हीच नाणी चालत. स्वतःची, अरबी मजकुराची नाणी नंतर खलीफा अब्दुल मलिक बिन मरवान यांनी पाडली.

आता म्हण कधीची? छापील इंग्रजीत ती १६०७ साली सापडते. एडवर्ड टॉप्सेल नावाच्या पाद्रीने चार पायांच्या जनावरांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात. मजा अशी, की तिथे ती बाजाराबद्दल नाहीच. हाव किंवा हलगर्जीपणा करून जो जनावरांचा रोजचा चारा तोडतो, त्याच्याबद्दल आहे. चाकूरच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावायला नको. कडब्याच्या दहा पेंढ्या वाचवायच्या, सरकी पेंड बंद करायची, आणि पोळ्यानंतर बैल बसला की नवी जोडी घ्यायला सावकाराकडे जायचे. पुढे १६२१ साली रॉबर्ट बर्टनच्या उदासीनतेवरच्या प्रचंड पुस्तकातही ती आली आणि मग रुळली. इंग्रजीत हिच्या उलट सांगणारी म्हणही आहे : पेन्यांची काळजी घ्या, पाउंड आपली काळजी घेतील. मुले विचारतात, यातली खरी कोणती? दोन्ही. पहिली म्हण पेनी वाचवू नका असे म्हणत नाही. पेनीवर डोळा ठेवताना पाउंडावरचा डोळा काढू नका, इतकेच म्हणते.

मराठीत तिला दोन जोडीदार आहेत. 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' ही सगळ्यांना माहीत आहे, पण ती जरा निराळी. तिच्यात किमतीपेक्षा वरखर्च जास्त. उर्दूची 'दमड़ी की बुढ़िया, टका सर मुंडाई' तिचीच बहीण. नेमकी जुळते ती 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा'. उंदीर येऊ नये म्हणून न्हाणीची मोरी चिंध्या कोंबून बंद केली, आणि चोरासाठी दार सताड उघडे. उर्दूतील म्हण आम्हाला या सगळ्यांत जास्त आवडते : 'अशर्फियाँ लुटें और कोयलों पर मुहर'. सोन्याच्या मोहरा लुटल्या जात आहेत, त्याची फिकीर नाही. कोळशाच्या कोठीला मात्र लाख लावून सील! या म्हणीत चूक करणारा माणूस मूर्ख नाही, चांगला कर्तबगार, शिस्तीचा आहे. त्याने सील व्यवस्थित ठोकले आहे. फक्त चुकीच्या दाराला.

आता केकवाल्या पोराकडे वळू. पाउंड हे मुळात नाणे नव्हतेच. ते वजन होते. एक पाउंड वजनाच्या चांदीतून २४० पेन्या पाडायच्या, म्हणून २४० पेन्यांना पाउंड म्हणू लागले. आजही पाउंडाची खूण म्हणून जे आडवी रेघ मारलेले अक्षर लिहितात ते 'एल' आहे, आणि तो 'लिब्रा'चा, म्हणजे रोमन लोकांच्या वजनाचा. पुढे पेनीतली चांदी कमी कमी होत गेली, नाव मात्र तेच राहिले. आज एका पाउंडात पाउंडभर चांदी मागायला गेलात तर लोक वेड्यात काढतील. आपल्या रुपयाची कथा हीच. रुपया म्हणजे 'रूप्य', चांदी. शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात जो रुपया पाडला तो साडेअकरा ग्रॅमच्या आसपास चांदीचा होता. इंग्रजांचा रुपया बरोबर एक तोळा वजनाचा, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. आमच्या घरातील बुजुर्ग तर रुपयानेच तोळा मोजत. आज रुपयाच्या नाण्यात चांदीचा कणही नाही. नाव राहिले, वजन गेले.

आपल्या मराठवाड्याला हे नाव-वजनाचे प्रकरण इतरांपेक्षा जास्त कळायला हवे, कारण आपल्याकडे रुपयाच दोन होते. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाचा रुपया 'हाली', म्हणजे सध्या चालू असलेला. इंग्रजांचा रुपया 'कलदार', कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला. हालीवर चारमिनारचे चित्र. १९१८ पासून संस्थानाच्या स्वतःच्या कागदी नोटाही निघाल्या, आणि त्यांच्यावर उर्दू-इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू, कानडी अशा अक्षरांत रक्कम लिहिलेली असे. पण दोन्ही रुपये सारखे नव्हते. सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. लातूरच्या मोंढ्यातला माल १९११ पासून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने बार्शीकडे जाऊ लागला. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. तिकडे हिशेब कलदारचा, इकडे हालीचा. त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला नुसते 'शंभर रुपये' म्हणून भागत नसे. 'हाली की कलदार?' हा प्रश्न लगेच यायचा. घर, जमीन, कर्ज, मेहर, प्रत्येक ठिकाणी. हाली रुपया पुढे बंद झाला. १९५१ नंतर नवा निघाला नाही आणि १९५९ मध्ये त्याचे चलन रद्द झाले. त्याच्याबरोबर तो प्रश्नही गेला.

तो प्रश्न जायला नको होता, असे आम्हाला वाटते. विशेषतः मेहरच्या बाबतीत.

समजा १९३० साली आपल्या भागात एका मुलीचा निकाह झाला आणि मेहर ठरला १२५ रुपये हाली, नंतर देण्याच्या बोलीवर. हाली रुपयात नऊ ग्रॅमच्या वर शुद्ध चांदी असे. म्हणजे त्या मुलीच्या नावावर किलोभराहून अधिक चांदी बसली. मेहर दिला नाही. वर्षे गेली. हालीचे कलदार झाले, सातास सहा या भावाने १०७ रुपये दोन-सव्वादोन आणे उरले. कलदारचे स्वतंत्र भारताचे रुपये झाले, आकडा तोच. आज कोणी ते १०७ रुपये तिच्या वारसांच्या हातावर ठेवले, तर किलोभर तूरडाळ तरी येईल का सांगता येत नाही. आणि किलोभर चांदी घ्यायची तर? लातूरच्या सराफ्यात जाऊन आजचा भाव विचारा. कोणी चोरी केली नाही, कोणी खोटे बोलले नाही. आकडा जसाच्या तसा आहे. वजन तेवढे गेले.

हे जुने झाले म्हणावे तर आजही आपण तेच करतो. गेल्या काही वर्षांत किती निकाहांना बसलो याची गणती नाही, पण मेहर ठरण्याची घडी साधारण सारखीच असते. काझी साहेब रजिस्टर उघडून बसलेले. दोन्हीकडचे बुजुर्ग. कोणी म्हणते अकरा हजार, कोणी पंधरा. मग कोणीतरी ७८६ चा आकडा काढतो, सगळ्यांना बरे वाटते. पाच मिनिटांत विषय संपतो. याच दोन घरांनी मंडपाच्या पडद्यांच्या रंगावर तीन बैठका घेतलेल्या असतात. बगारा खाना आणि दालचा पुरेल का, की बिर्याणीच करावी, यावर खालाजान आणि चाचीजान आठ दिवस बोलत नाहीत. केटररशी ताटामागे पाच रुपयांवरून घासाघीस होते. सांचकच्या कपड्यांचा हिशेब वहीत लिहिला जातो. आणि 'जोडे की रकम'! ती मात्र कोणी ७८६ रुपये मागत नाही. तिचा आकडा बरोबर बाजारभावाने वाढतो, दुचाकीच्या किमतीबरोबर वाढतो. जे शरीअतने सांगितले नाही त्याला महागाई कळते. जे सांगितले आहे त्याला कळत नाही. कोळशाला सील, अशर्फी उघड्यावर.

काही घरांत मेहर कमी ठेवण्यामागे नेक इरादा असतो, हे आम्ही जाणतो. सोपा निकाह बरकतीचा, ही शिकवण आहेच. पण मग सोपेपणा जोड्याच्या रकमेपासून का सुरू होत नाही?

हनफी फिकहमध्ये मेहरची कमीत कमी मर्यादा दहा दिरहम आहे. लक्षात घ्या, दिरहम. म्हणजे चांदीचे वजन, सुमारे ३०.६ ग्रॅम. (कोकणातले आमचे शाफई वाचक म्हणतील, आमच्याकडे अशी मर्यादा नाही. बरोबर आहे.) लोक ज्याला मेहरे-फातिमी म्हणतात तो आपल्याकडे प्रचलित हिशेबाने ५०० दिरहम, म्हणजे १३१ तोळे ३ मासे चांदी, दीड किलोच्या थोडी वर. हे हिशेब चौदाशे वर्षे टिकले ते वजनात होते म्हणून. कोणी 'शरई मेहर' म्हणून बत्तीस-पन्नास रुपये लिहितो, तेव्हा त्याने कोण्या काळचा चांदीचा भाव पाठ केलेला असतो आणि चांदी विसरलेला असतो. हैदराबादकडे निकाहनाम्यात 'दीनारे-सुर्ख' लिहिण्याची जुनी रीत आहे, इतके रुपये आणि इतके लाल दीनार. दीनार म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम सोने. ही रीत उत्तम, पण तिथेही किती जण त्याचे ग्रॅम करून विचारतात? बाकी ठिकाणी आपण लिहितो 'सिक्का राइजुल-वक्त', म्हणजे त्या वेळी चालू असलेले नाणे. हा 'हाली'चाच अरबी पोशाख.

नाण्याची किंमत घसरली तर देणे आकड्याने फेडायचे की किमतीने, हा वाद नवा नाही. तांब्याच्या नाण्यांबाबत इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत आकड्याकडे, तर त्यांचेच शिष्य इमाम अबू युसूफ (रह.) यांचे मत किमतीकडे. एवढ्या मोठ्या उस्तादांत मतभेद झाला तिथे आम्ही शाळामास्तर काय बोलणार? पण वाद उद्भवूच नये याची सोय निकाहाच्या दिवशी करता येते. मेहर सोन्या-चांदीच्या वजनात लिहायचा. इतके ग्रॅम सोने, किंवा इतके तोळे चांदी. दिल्लीच्या इस्लामिक फिकह अकादमीच्या उलमांनीही स्त्रियांच्या हक्काचे रक्षण व्हावे म्हणून हीच शिफारस केलेली आहे. रजिस्टरातला रकाना तेवढाच, शाई तेवढीच. काझी साहेबांना आधी जाऊन भेटा, ऐन वेळी मांडवात विषय काढू नका; तिथे घाई असते आणि दुल्ह्याच्या मामांना वाटते आपल्यावर अविश्वास दाखवला.

आणि तिथल्या तिथे द्या. इथे आमच्या उर्दूच्या तासातली एक गोष्ट उपयोगी पडेल. मेहर दोन प्रकारचा. ताबडतोब द्यायचा तो मुअज्जल, आणि मुदतीने द्यायचा तोही मुअज्जल! देवनागरीत लिहा, दोन्ही सारखे. उर्दूत बोला, तरी दोन्ही सारखे. फरक फक्त लिहिताना, एका अक्षराचा. पहिल्यात 'ऐन' आहे, दुसऱ्यात 'हमजा'. ऐनवाला शब्द 'उजलत'च्या घरातला, उजलत म्हणजे घाई, लगबग. हमजावाला 'अजल'च्या घरातला. अजल म्हणजे ठरलेली मुदत. आणि उर्दूत अजलचा रोजच्या वापरातला अर्थ सगळ्यांना माहीत आहे : मौत.

आपल्या बहुतेक घरांत मुदत खरोखर तिथपर्यंतच जाते. जनाजा अंगणात, बाई भिंतीला टेकून बसलेली, तिला कशाची शुद्ध नाही, आणि कोणीतरी बुजुर्ग बाई कानाशी येऊन म्हणते, 'बेटा, मेहर माफ कर दे, मय्यत पर बोझ है.' ती काय म्हणणार? मान हलवते. मेहर हे मयताच्या मालमत्तेवरचे कर्ज आहे, वारसांच्या वाटण्या व्हायच्या आधी फेडायचे, दुकानदाराच्या उधारीसारखेच. किराणा दुकानदाराला कोणी जनाज्याजवळ बोलावून उधारी माफ कर म्हणत नाही. त्याच्या वहीत आकडा पक्का असतो. बाईने आपल्या खुशीने माफ केले तर तो तिचा अधिकार, कुरआनने तसे सांगितले आहे. पण खुशी या शब्दाला त्या अंगणात काय अर्थ उरतो ते ज्याने-त्याने ठरवावे.

आमच्या वर्गातील मुलींना आम्ही ऐन आणि हमजाचा हा फरक फळ्यावर दोन-दोनदा लिहून दाखवतो. परीक्षेत येत नाही, तरी लिहून घेतो. मागे एका मुलीने घरी जाऊन अम्मीचा निकाहनामा मागितला. बराच वेळ तो सापडेना. शेवटी नानांच्या घरी, पत्र्याच्या ट्रंकेत, जमिनीच्या सातबाऱ्याखाली निघाला. तिने वाचून पाहिले तर तिथे ऐनही नव्हता, हमजाही नव्हता. तो रकाना कोराच होता. तिने अम्मीला विचारले तर अम्मी म्हणाली, 'मेरे कू किसने पूछाच नै.' आता अब्बांशी बोलायचे काम त्या मुलीने स्वतःकडे घेतले आहे, आणि त्याआधी सातशे शहाऐंशी रुपयांत त्या वर्षी किती ग्रॅम चांदी येत होती, ते काढून द्या म्हणून आमच्या मागे लागली आहे.